११०० रुपयांची सरकारी नोकरी सोडून ६०० रुपयांवर गेलेला कलकत्त्याचा अकाउंट्स ऑफिसर

रविवारी रात्रीची जेवणं उरकली की अनेकांच्या पोटात गोळा येतो. उद्या पुन्हा तीच लोकल, तेच टेबल, तीच एक्सेल शीट आणि तोच साहेब. पगार वेळेवर होतोय, घरचे खूश आहेत, नातेवाईकांत नाव आहे. तक्रार करावी असं खरं तर काहीच नाही. तरीही आतून वाटत राहतं की आपण वेगळंच काहीतरी करायला हवं होतं.

मग आपण मोबाईल उघडतो. कुणीतरी आयटीतली नोकरी सोडून डोंगरात कॅफे टाकलेला असतो. कुणीतरी राजीनामा देऊन जग फिरायला निघालेलं असतं. ते बघून दोन मिनिटं अंगात येतं. तिसऱ्या मिनिटाला होम लोनचा हप्ता आठवतो आणि आपण गजर लावून झोपतो.

आजची गोष्ट अशाच एका नोकरदाराची आहे. वयाच्या अठराव्या वर्षी तो सरकारी हिशेब खात्यात मोठा अधिकारी झाला. त्याला फायली बघायच्या नव्हत्या, प्रयोग करायचे होते. पण त्याने लगेच राजीनामा दिला नाही. तब्बल दहा वर्षं त्याने नोकरी केली आणि त्या दहा वर्षांतच आवडीचं काम इतकं वाढवलं की शेवटी त्या कामानेच त्याला नोकरीतून बाहेर काढलं.

त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. होय, तेच नोबेलवाले सी. व्ही. रामन.

शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचा शोध वाचतो, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिवस साजरा करतो. पण नोकरीची दहा वर्षं एका वाक्यात उरकली जातात. आपल्यासारख्या ऑफिसला जाणाऱ्यांसाठी मात्र खरी गोष्ट तिथेच आहे.

डोकं होतं, पण त्या डोक्याला नोकरी नव्हती

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील चंद्रशेखर अय्यर शिक्षक होते. पुढे विशाखापट्टणमच्या कॉलेजात ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागले. घरात पैसा बेताचा, पण पुस्तकं भरपूर. आठ भावंडांतले रामन दुसरे.

पोरगं भयंकर हुशार. अकराव्या वर्षी मॅट्रिक पास. मग मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रवेश. १९०४ साली बी.ए. ला पहिला नंबर आणि सुवर्णपदक. १९०७ च्या सुरुवातीला एम.ए. मध्येही तोच दबदबा.

पण खरी कमाल परीक्षेच्या बाहेर चालली होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचे प्रयोग करताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रकाश चौकोनी फटीतून तिरका गेला की पलीकडे उमटणारे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसतात. त्यांनी मोजमाप केलं, हिशेब मांडला आणि लेख थेट लंडनच्या 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'ला पाठवला. नोव्हेंबर १९०६ मध्ये तो छापून आला. लेखकाचं वय अठरा, आणि अजून एम.ए. सुद्धा व्हायचं होतं.

आता असा मुलगा आज असता तर पुढचा रस्ता ठरलेला होता. पीएचडी, परदेश, प्रयोगशाळा. तेव्हाच्या हिंदुस्थानात असा रस्ताच नव्हता. कॉलेजातल्या वरच्या जागा बहुतेक इंग्रजांकडे असायच्या. संशोधन करण्यासाठी पगार देणारी नोकरी हा प्रकार जवळपास नव्हताच. ज्याला विज्ञान करायचं त्याने विलायतेला जायचं.

रामन यांना तेही जमलं नाही. मद्रासच्या सिव्हिल सर्जनने तब्येत तपासली आणि हा मुलगा इंग्लंडच्या थंडीत तग धरणार नाही असा शेरा मारला. विलायत संपली. आयसीएसची परीक्षाही तेव्हा लंडनलाच व्हायची, म्हणजे तोही दरवाजा बंद.

मग उरलं काय? हिशेब खातं.

'फायनान्शियल सिव्हिल सर्व्हिस' नावाची एक सरकारी सेवा होती. तिची परीक्षा इथेच द्यायची सोय होती. थोरले भाऊ सुब्रह्मण्य अय्यर आधीच त्या खात्यात होते. रामन यांनी इतिहास, अर्थशास्त्र वगैरे विषयांचा अभ्यास केला, परीक्षा दिली आणि तिथेही पहिले आले.

त्याच वर्षी त्यांचं लोकसुंदरी यांच्याशी लग्न झालं. १९०७ च्या मध्यावर दोघं कलकत्त्याला पोहोचले. रामन झाले असिस्टंट अकाउंटंट जनरल. मिसरूड नीट फुटायच्या वयात साहेबाची खुर्ची. गावाकडे कुणालाही विचारा, पोराचं कल्याण झालं असंच सांगितलं असतं.

काम काय होतं?

अकाउंटंट जनरलचं ऑफिस म्हणजे सरकारच्या पैशाचा हिशेब ठेवणारी जागा. कुठल्या खात्यात किती आले, किती गेले, कुणी किती खर्च केले, त्याची पावती आहे का, बिलं नियमात बसतात का, हे सगळं तपासायचं. चुकीला जागा नाही, पण नवीन काही शोधायलाही जागा नाही. कालची फाईल आज, आजची उद्या.

रामन हे काम नीट करत होते. खात्यात त्यांची बढती होत गेली, पगार वाढत गेला. म्हणजे ऑफिसात डुलक्या काढणारा आणि बाहेर स्वतःला कलाकार म्हणवणारा असा हा माणूस नव्हता. प्रश्न एवढाच होता की हे काम त्यांचं डोकं भरत नव्हतं.

ट्राममधून दिसलेली पाटी

घर स्कॉट्स लेनला, ऑफिस डलहौसी स्क्वेअरकडे. रोजचा प्रवास ट्रामने. असंच एकदा ट्राममधून जाताना बहूबाजार रस्त्यावरच्या २१० नंबरच्या इमारतीवर त्यांना एक पाटी दिसली. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. म्हणजे विज्ञानाची जोपासना करणारी भारतीय संस्था.

रामन उतरले आणि त्यांनी दार वाजवलं. दार उघडलं आशुतोष डे यांनी. सगळे त्यांना आशुबाबू म्हणत. ते त्या संस्थेत मदतनीस होते.

आत काय होतं? या इमारतीची गोष्ट समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ही संस्था डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली काढली होती. महेंद्रलाल हे कलकत्त्यातले नावाजलेले डॉक्टर. भारतीयांनी भारतीयांच्या पैशावर स्वतः विज्ञान करावं, हा त्यांचा ध्यास. लोकांकडून वर्गण्या गोळा करून त्यांनी इमारत उभी केली, उपकरणं आणली, व्याख्यानं ठेवली. लोक व्याख्यानं ऐकायला यायचे, टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. आयुष्य झोकून देऊन संशोधन करणारा माणूस काही येईना. १९०४ साली महेंद्रलाल गेले ते हीच खंत मनात घेऊन.

त्यानंतर तीनच वर्षांनी अठरा वर्षांचा हा हिशेब अधिकारी दारात उभा राहिला. ऑफिसच्या वेळेआधी आणि नंतर मला इथे प्रयोग करता येतील का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

तेव्हा संस्थेचे सचिव होते महेंद्रलाल यांचे चिरंजीव अमृतलाल सरकार. वडील ज्या माणसाची वाट बघत गेले, तो आता समोर होता. त्यांनी प्रयोगशाळा मोकळी करून दिली.

दोन नोकऱ्यांचा दिवस

पुढचं वेळापत्रक वाचून आपल्याला दम लागेल.

पहाटे साडेपाचला रामन संस्थेत हजर. पावणेदहाला धावत घरी. आंघोळ, कपडे, दोन घास पोटात आणि ऑफिस. संध्याकाळी पाचला ऑफिस सुटलं की घरी न जाता पुन्हा संस्थेत. घरी परतायला रात्रीचे साडेनऊ-दहा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर सबंध दिवस तिथेच.

आठवडाभर नाही, महिनाभर नाही, वर्षानुवर्षं.

यात एक नाव विसरायचं नाही, लोकसुंदरी रामन. नवं लग्न, नवं शहर, बंगाली भाषा येत नाही आणि नवरा घरी फक्त झोपायला येणार. रामन यांची ही दुसरी पाळी चालली कारण घराची सगळी पाळी लोकसुंदरी एकट्या सांभाळत होत्या. साइड प्रोजेक्टच्या यशोगाथांमध्ये हा खर्च बहुधा लिहिला जात नाही.

दुसरं नाव आशुबाबूंचं. कॉलेजात न शिकलेला हा माणूस रामन यांचा प्रयोगांतला उजवा हात झाला. रामन ऑफिसात फायली तपासत असताना मोजमापं घेणं, उपकरणं जुळवणं आशुबाबू करत. पुढे १९१९ मध्ये आशुबाबूंच्या एकट्याच्या नावावरचा संशोधन लेख लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला.

हाताशी होतं त्यातून विषय निवडला

संस्थेत अद्ययावत उपकरणं नव्हती. विलायतेतल्या प्रयोगशाळांसारखा पैसा नव्हता. वेळही चोरून काढलेला. अशा वेळी रामन यांनी विषय निवडला तारांचा आणि वाद्यांचा.

व्हायोलिनच्या तारेवर गज ओढला की तार नेमकी कशी हलते? गज तारेला काही क्षण सोबत ओढून नेतो, मग तार सटकते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा होणाऱ्या या ओढाताणीतून सूर येतो. व्हायोलिन-चेलोवर एखाद्या विशिष्ट सुरालाच वाद्य लांडग्यासारखं का गुरगुरतं? एकतारीचा नाद कसा बनतो? हे सगळे भौतिकशास्त्राचे पक्के प्रश्न होते आणि ते सोडवायला तारा, काटे, आरसे आणि भरपूर चिकाटी पुरत होती.

रामन यांचे वडील स्वतः व्हायोलिन वाजवत, लोकसुंदरी वीणा वाजवत. म्हणजे विषय घरातलाच होता.

याच कामातून पुढे आपल्या वाद्यांचं एक रहस्य उलगडलं. साध्या ढोलावर थाप मारली की आवाज येतो, पण सूर लागत नाही, कारण ताणलेल्या कातड्यातून निघणारे वरचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत. मृदंग आणि तबल्याला मात्र सूर असतो. का? तर कातड्याच्या मध्ये लावलेल्या शाईमुळे. त्या जाड काळ्या गोलाचं वजन कातड्याची हालचाल अशी बदलतं की वरचे नाद मूळ सुराच्या पटीत येऊन बसतात. आपल्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या कानाने जमवलेली ही गोष्ट रामन यांनी मोजून दाखवली. १९२० साली त्यावरचा लेख 'नेचर'मध्ये आला.

हिशेब खात्यात असतानाच त्यांचे लेख 'नेचर', 'फिलॉसॉफिकल मॅगझिन', 'फिजिकल रिव्ह्यू' अशा जगभर वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकांत छापून येत होते.

बदलीची ऑर्डर

सरकारी नोकरीत असलेल्यांना पुढची ओळ वाचून हसू येईल. सगळं छान जमलेलं असतानाच बदली आली.

१९०९ मध्ये थेट रंगून. बहूबाजारची प्रयोगशाळा, आशुबाबू, सगळं मागे राहिलं. १९१० मध्ये वडील वारले. रामन रजा काढून मद्रासला आले आणि त्या काळातही जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत राहिले. मग पुढची बदली झाली ती आपल्या नागपूरला.

तेव्हाचं नागपूर म्हणजे मध्य प्रांताची राजधानी. सरकारी कचेऱ्या भरपूर, पण बहूबाजारसारखी प्रयोगशाळा कुठून मिळणार? रामन यांनी घरातच प्रयोग मांडले.

इथेच बहुतेकांचा छंद सुटतो. जागा बदलली, साथीदार सुटले, दिनक्रम मोडला की पुन्हा सुरुवात होत नाही. रामन यांचं काम अर्धवट साधनांवर का होईना चालू राहिलं, आणि १९११ मध्ये पोस्ट आणि तार खात्याच्या हिशेबाचे अधिकारी म्हणून ते कलकत्त्याला परतले तेव्हा सुटलेला धागा त्यांनी पुन्हा उचलला. पहाटे साडेपाच, संध्याकाळी पाच, सगळं पूर्ववत.

मग एक दिवस ऑफर आली

कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते सर आशुतोष मुखर्जी. पेशाने हायकोर्टाचे न्यायाधीश, स्वभावाने वाघ. विद्यापीठाने फक्त परीक्षा घेऊ नयेत, संशोधन करावं, असं त्यांच्या मनात होतं. सर तारकनाथ पालित आणि सर रासबिहारी घोष या दोन बड्या वकिलांनी दिलेल्या मोठ्या देणग्यांतून त्यांनी १९१४ मध्ये विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला.

पालित यांच्या देणगीतून भौतिकशास्त्राचं एक अध्यासन होतं. त्या खुर्चीवर कुणाला बसवायचं? मुखर्जींची नजर प्राध्यापकांवर नाही, पोस्ट खात्याच्या हिशेब अधिकाऱ्यावर गेली. गेली काही वर्षं बहूबाजारात काय चाललंय याकडे त्यांचं लक्ष होतं.

अडचणी दोन होत्या.

पहिली अट होती परदेशात जाऊन प्रशिक्षण घेण्याची. रामन यांनी साफ नकार दिला. शिकण्यासाठी विलायतेला जाणार नाही, घ्यायचं तर असंच घ्या. मुखर्जींनी ती अट बाजूला काढायला लावली.

दुसरी अडचण पैशाची. हिशेब खात्यात रामन यांना तोवर महिना ११०० रुपये मिळत होते. अध्यासनाचा पगार होता ६००. शिवाय सरकारी खात्यातली ज्येष्ठता आणि पुढच्या बढत्या सगळ्या सोडायच्या. खात्यात राहिले असते तर फार वर जायची शक्यता होती. घरच्यांना, मित्रांना हा व्यवहार वेडेपणाचा वाटला असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.

रामन यांनी ६०० निवडले.

पहिल्या महायुद्धाच्या गडबडीत सरकारने त्यांना लगेच मोकळं केलं नाही. अखेर जुलै १९१७ मध्ये ते पालित प्राध्यापक झाले. वय २८. नोकरीची बरोबर दहा वर्षं झाली होती.

आता हिशेबच करायचा तर करू. ११०० वजा ६००, महिन्याला ५०० रुपयांचा तोटा. पण त्या बदल्यात सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा वेळ त्यांनी परत विकत घेतला. हिशेब खात्यातल्या माणसाने केलेला हा सगळ्यात पक्का सौदा होता.

मोकळ्या वेळेचं काय केलं?

१९२१ मध्ये रामन पहिल्यांदा विलायतेला गेले, विद्यार्थी म्हणून नाही, विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून. परतताना 'नारकुंडा' बोटीच्या डेकवरून भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग बघताना प्रश्न पडला. समुद्र निळा का?

तेव्हा मान्य असलेलं उत्तर लॉर्ड रॅले यांचं होतं. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांच्याकडे एक छोटा निकोल प्रिझम होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यातून अडवता येतो. त्यांनी प्रतिबिंब अडवून बघितलं, तरी समुद्र निळाच. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतः प्रकाश विखुरतात आणि निळा रंग तिथून येतो. बोट मुंबई बंदराला लागली तेव्हा 'नेचर'ला धाडायचं टिपण तयार होतं. त्याच्यावर ठिकाण म्हणून मुंबई बंदर असं लिहिलेलं आहे.

मग पुढची सहा-सात वर्षं प्रकाश विखुरण्याचा ध्यास. वेगवेगळे द्रव, वायू, बर्फ, काच, सगळ्यांतून प्रकाश सोडून बघायचा. आणि इथे या गोष्टीत आणखी एक नोकरदार येतो.

एस. वेंकटेश्वरन हे अलीपूरच्या सरकारी चाचणी प्रयोगशाळेत नोकरीला होते. ऑफिस सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ते रामन यांच्याकडे प्रयोग करायला येत. म्हणजे रामन दहा वर्षं जे करत होते तेच. शुद्ध ग्लिसरीनमधून प्रकाश सोडताना त्यांना विचित्र गोष्ट दिसली. विखुरलेला प्रकाश निळा दिसायला हवा, पण तो हिरवट दिसत होता.

हा धागा फार महत्त्वाचा होता. पण वेंकटेश्वरन यांच्याकडे वेळ होता फक्त उरलेला. दिवसाउजेडी, सलग प्रयोग करणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून १९२८ च्या सुरुवातीला रामन यांनी के. एस. कृष्णन यांना पूर्णवेळ या कामाला लावलं. रोज प्रयोग सुरू झाले आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला उत्तर हाती आलं.

सोप्या भाषेत सांगायचं तर असं. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. पण अगदी थोडा प्रकाश रंग बदलून येतो, कारण रेणूने त्यातली थोडी ऊर्जा ठेवून घेतलेली असते किंवा स्वतःची थोडी दिलेली असते. प्रत्येक पदार्थाचा हा बदल वेगळा, बोटांच्या ठशासारखा. आज औषधांची तपासणी, रत्नांची पारख, स्फोटकं ओळखणं अशा कितीतरी कामांत हा रामन परिणाम वापरला जातो.

१९३० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विज्ञानाचं नोबेल मिळवणारे ते पहिले आशियाई. आणि हे सगळं काम झालं कुठे? ट्राममधून पाटी दिसलेल्या त्याच बहूबाजारच्या इमारतीत.

दार उघडणारे आणि दार अडवणारे

इथे गोष्ट थांबवली तर ती रीलसारखी गुळगुळीत होईल. रामन माणूस म्हणून सोपे नव्हते. स्वतःवर प्रचंड विश्वास, जीभ तिखट, भांडणं बरीच. १९३३ मध्ये ते कलकत्ता सोडून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. चार वर्षांत वादांमुळे त्यांना ते पद सोडावं लागलं.

त्याच १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. त पहिली आलेली एक मराठी मुलगी त्या संस्थेत प्रवेश मागायला गेली. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या बहीण. रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, त्यांनी सत्याग्रहाचीच भूमिका घेतली. शेवटी अटी घालून एक वर्षाची मुदत मिळाली. वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांना मत बदलावं लागलं आणि पुढे मुलींसाठी प्रवेश खुला झाला. कमलाबाई १९३९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या.

ज्या माणसासाठी एका मदतनिसाने न विचारता दार उघडलं होतं, त्याने दुसऱ्यासाठी दार अडवून धरलं. हेही त्याच माणसाच्या चरित्रात लिहिलेलं आहे.

१९४८ मध्ये त्यांनी बंगळुरूला स्वतःची रामन संशोधन संस्था सुरू केली. १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. शेवटपर्यंत फुलांचे रंग, हिऱ्यांची चमक, माणसाची दृष्टी असे प्रश्न घेऊन ते काम करत राहिले. २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले.

मग सोमवारी काय करायचं?

रामन यांची गोष्ट नोकरी सोडा असं सांगत नाही आणि सोडू नका असंही सांगत नाही. ती दोन गोष्टी सांगते.

पहिली, नोकरी कंटाळवाणी आहे म्हणून थांबायची गरज नसते. रामन यांनी आधी राजीनामा आणि मग शोध असं केलं नाही. पहाटेचे चार तास आणि संध्याकाळचे चार तास त्यांनी जपले. पगार नोकरीतून येत होता, म्हणून प्रयोगांतून पैसे मिळतील का ही चिंता नव्हती. मुखर्जींची ऑफर आली तेव्हा दाखवायला नुसती आवड नव्हती, दहा वर्षांचं छापील काम होतं. त्यामुळेच ते अटी घालू शकले.

दुसरी, उरलेल्या वेळेला मर्यादा असते. वेंकटेश्वरन यांना हिरवट प्रकाश दिसला, पण त्याचा शेवटपर्यंत पाठलाग करायला पूर्ण दिवस मोकळा असणारा माणूस लागला. रामन हिशेब खात्यातच राहिले असते तर एक हुशार, छंदिष्ट अधिकारी म्हणून निवृत्त झाले असते. कधीतरी ११०० सोडून ६०० घ्यावे लागतात. फक्त ते कधी घ्यायचे हे कळण्यासाठी आधी आपली पहाट त्या कामात घालवलेली असावी लागते.

आणि आशुबाबू, अमृतलाल, लोकसुंदरी यांच्याशिवाय हे झालं नसतं, हेही लक्षात ठेवायला हवं. सगळ्यांच्याच वाट्याला असे लोक येत नाहीत. सगळ्यांनाच पगारातले पाचशे कमी करणं परवडत नाही.

पण रोजच्या रस्त्यावर एखादी पाटी बऱ्याच जणांना दिसते. ग्रंथालयाची, तालमीच्या जागेची, नाटकाच्या ग्रुपची, गॅरेजची, नर्सरीची. आपण खिडकीतून ती वाचतो आणि पुढच्या स्टॉपचा विचार करतो. रामन यांनी त्या दिवशी राजीनामा दिला नव्हता. ते फक्त ट्राममधून उतरले होते.